तोकिएची ओळ आणि हेडमास्तरांचं ताट

आमच्या मिझुनुमा गावात निहेई तोकिएबद्दल एक गोष्ट कुजबुजली जायची. शाळेच्या या शिपाईणबाईने हेडमास्तर कोहियामांना बटाट्यांतून विष घातलं, तेही भर सभेत, सगळ्या पालकांच्या डोळ्यांदेखत, आणि वर शेजारी उभी राहून त्यांना खाताना बघत राहिली.

कुजबूज बहुतेक माझ्याच दुकानात चालायची. शाळेच्या फाटकासमोर माझं बी-बियाण्याचं दुकान आहे. मुळ्याचं बी घ्यायला आलेली बाई मुळ्याचं बी घेऊन सरळ घरी गेली, असं मला तरी आठवत नाही. ती आधी इकडेतिकडे बघायची, मग काउंटरवर ओणवी व्हायची आणि "ऐकलंत का?" म्हणायची. मी ऐकलेलं असायचंच. बऱ्याचदा आदल्या दिवशी मीच कुणाला तरी सांगितलेलं असायचं आणि तेच जरा अंग धरून माझ्याकडे परत यायचं. तरी मी डोळे मोठे करून "छे! काय सांगता!" म्हणायचो. एवढं केलं की गिऱ्हाईक कोबीचं बीही घेऊन जायचं.

तोकिए माझ्याच वर्गातली. गावाला ती कधी आवडली नाही आणि गावही तिला कधी आवडलं नाही. बुटकी, पायांनी फेंगडी, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, बारा महिने पायात रबरी बूट. पदवीदान समारंभालाही तेच बूट, फक्त पुसलेले. जीभ अशी की लोक तिला रस्त्यात टाळायचे. माझ्या बायकोने एकदा नवीन किमोनो घातला, तर ही म्हणाली, "छान आहे. कुणाचा आहे?" माझ्याकडून पालकाचं बी घेताना दर वर्षी एकच वाक्य: "यातलं उगवलं तर तुला येऊन सांगेन हं, बियाणेवाल्या." चाळीस वर्षांत एकदाही येऊन सांगितलं नाही.

बाविसाव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि आठ महिन्यांत ती परत आली. का, म्हणून तिच्या आईने विचारलं. "तो जेवताना बोलतो," तोकिए म्हणाली. विषय तिथेच संपला.

पंचविशीत ती शाळेत लागली. झाडलोट, बॉयलर, गळकी छपरं, बर्फ काढणं, सगळं तिच्याकडे. व्यायामशाळेच्या मागे बॉयलरची राख टाकायचा खड्डा होता. तीन वर्षं तिने त्यात डोंगरावरचा पालापाचोळा आणून टाकला, उपसला, चाळला आणि पुन्हा टाकला. चौथ्या वर्षी तिथे काकड्या लागल्या. मग ढोबळी मिरची, वांगी, गाजरं, टोमॅटो, हिरवे सोयाबीन. वाफ्यांच्या मधोमध तिने एक फळी ठोकली आणि तीवर काळ्या शाईने लिहिलं: "हात लावाल तर याद राखा."

दुसऱ्या दिवसापासून पोरं चोऱ्या करायला लागली.

घरी ताटात ढोबळी मिरची दिसली की भोकाड पसरणारी पोरं इथे तीच मिरची चोरून, भिंतीआड उकिडवी बसून, बियांसकट खायची. गाजर उपटून विजारीला पुसलं की झालं. तोकिए झाडू घेऊन मागे धावायची, आणि एवढं सावकाश धावायची की बघवत नसे. मी एकदा म्हटलं, "तोकिए, पाय एवढे काही वाईट नाहीत गं तुझे. मागच्या आठवड्यात कोंबडी पकडलीस की अंगणभर पळून."

"कोंबडी माझी होती," ती म्हणाली. "पोरं सरकारची आहेत."

आया माझ्या दुकानात येऊन एकमेकींना सांगायच्या, आमचा हल्ली वांगं मागतो, आमची कच्ची काकडी खाते, वय वाढलं की सुधारतात मुलं. तोकिएचं नाव कुणी घेत नसे. घ्यावं असं ती वागतही नसे. एका आईने आभार मानायला बिस्किटांचा डबा आणला, तर ही म्हणाली, "हे घरी खायला घालता म्हणूनच इथे चोरी करतात." त्या बाईने पुढे तिचं तोंड पाहिलं नाही.

बागेवर डोळा होता तो होशीचा. होशी म्हणजे गाड्यांच्या गॅरेजचा मालक आणि पालकसंघाचा अध्यक्ष. आजूबाजूच्या वाड्यांतल्या शाळा बंद पडून सगळी मुलं आमच्या शाळेत आली, तेव्हापासून रोज सकाळी फाटकापाशी गाड्यांची ही गर्दी. होशीचं म्हणणं, व्यायामशाळेमागे डांबर टाका आणि गाड्या तिथे लावा. जमीन नगरपालिकेची. दर मार्चला हेडमास्तरांनी एक कागद भरून द्यायचा, की ही जमीन शिकवण्यासाठी वापरात आहे की नाही. "आहे" लिहिलं की वर्षभर कुणी हात लावू शकत नाही. "नाही" लिहिलं की होशीचा डांबराचा ट्रक आलाच.

तोकिएचा जीव त्या एका शब्दात होता. तिला नवरा नव्हता, पोर नव्हतं, मैत्रीण नव्हती. तो राखेचा खड्डा होता.

मग कोहियामा हेडमास्तर आले. उंच, कडक इस्त्रीचे, बोलायला फार गोड. दर सोमवारी मुलांना मैदानात उभं करून सांगायचे, "जे मूल ताट स्वच्छ करतं, त्याचं मन स्वच्छ राहतं." ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस रोज ताट चाटूनपुसून ठेवत असणार.

आपल्याकडे शाळेत मुलांच्या जेवणाआधी अर्धा तास हेडमास्तरांनी तेच जेवण खायचं असतं. काही बिघडलेलं असेल तर ते आधी त्यांना बाधावं, मुलं वाचावीत. खायचं, वहीत चव लिहायची आणि लाल शिक्का मारायचा. आणि कोहियामांच्या घशाखाली तर भाजी उतरतच नव्हती. लहानपणी त्यांच्या शाळेत एका बाईने त्यांना गाजर संपेपर्यंत जागेवर बसवून ठेवलं होतं. बाकीची मुलं बाकं उचलून वर्ग झाडत होती, धूळ ताटात पडत होती, आणि हे मधोमध बसलेले. तेव्हापासून भाजीचा वास आला की त्यांना उमासे यायचे. आमच्या शाळेतल्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी खायचा प्रयत्न केला आणि सगळं आपल्या खोलीतल्या बेसिनमध्ये बाहेर काढलं.

बेसिन धुवायला अर्थातच तोकिए गेली. तिने आत पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं.

"गाजर," ती म्हणाली. "चावलंसुद्धा नाहीत."

"निहेईबाई, कृपा करून हे कुणाला..."

"मार्चमध्ये कागद भरायचा असतो."

"कसला कागद?"

"व्यायामशाळेमागच्या जमिनीचा. काय लिहिणार आहात?"

मास्तरांनी रुमालाने तोंड पुसलं. गोड बोलणारी माणसं लवकर समजतात. "वापरात आहे, असं लिहीन," ते म्हणाले.

"मग उद्यापासून ताट अवजारांच्या खोलीत पाठवा. मी खाते. कसं होतं ते येऊन सांगेन. शिक्का तुम्ही मारा."

दोन वर्षं असं चाललं. साडेअकराला फडक्याखाली ताट जायचं आणि पावणेबाराला तोकिए दारात उभी राहून एक शब्द टाकायची. तिने "खारट" म्हटलं की मास्तर वहीत लिहायचे, "चव किंचित ठळक." तिने "पिठूळ" म्हटलं की "घट्टपणा समाधानकारक." स्वतः ते टेबलाच्या खणातून तळलेल्या मांसाचं सँडविच काढून खायचे. दोघांनाही एकमेकांचा भारी तिटकारा. ती त्यांना भित्रा समजायची आणि ते तिला खंडणीखोर. दोघांचंही काही चुकत नव्हतं.

तिसऱ्या वर्षी मिनेगिशीबाई आल्या. सेंदाई शहरातल्या, तरुण, पोषणाच्या शिक्षिका. आहारशिक्षणाचा कायदा येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, आणि प्रत्येक शाळेला काहीतरी करून दाखवायचं होतं. मिनेगिशीबाईंनी लाल, पिवळा, हिरवा असे अन्नाचे तीन गट रंगवलेले तक्ते आणले. बाग बघून टाळ्या वाजवल्या आणि म्हणाल्या, "हा तर आपला उघड्यावरचा वर्ग!" पहिल्याच दिवशी तोकिएची फळी उपटली आणि जागी नवी लावली. तीवर हसरं गाजर होतं आणि ते म्हणत होतं, "मला खा ना!"

चोऱ्या बंद झाल्या. जी भाजी स्वतःच हात जोडून खा म्हणते, तिला कोण विचारतो? टोमॅटो वेलीवर फुटले, काकड्या पिवळ्या पडल्या. मुलं वह्या घेऊन रांगेत यायची, जीवनसत्त्वांची नावं लिहायची आणि रांगेत परत जायची.

एप्रिलमध्ये बटाटे लावले. बेणं माझ्याच दुकानातलं. जूनच्या शेवटी मिनेगिशीबाईंनी मुलांना निरीक्षण-चित्रं काढायला बसवलं. बटाटा जमिनीखाली कसा वाढतो ते मुलांना दिसावं, म्हणून त्यांनी एका अख्ख्या ओळीची माती बाजूला उकरली. कोवळे बटाटे उन्हात उघडे. चित्रं एका दिवसात कशी होणार? रोज थोडं थोडं, तीन आठवडे. त्या संध्याकाळीच तोकिएने माती परत ओढून भर दिली. सकाळी बाईंनी पुन्हा उकरली. दुपारी हिने झाकली. मी दुकानातून बघत होतो, आणि खोटं कशाला बोलू, मजा येत होती.

चौथ्या दिवशी दोघी समोरासमोर आल्या.

"निहेईबाई, ही ओळ तुम्ही रोज का बुजवता?"

"बटाट्याला ऊन लागतंय. हिरवा पडेल."

"तीनच आठवडे! मुलांना जमिनीखाली काय चाललंय ते दिसायला नको का?"

"जमिनीखाली असतं म्हणून चालतं ते. वर काढलं की थांबतं."

"तुम्ही या मुलांना इतकी वर्षं चोऱ्या शिकवल्यात. मी त्यांना खायला शिकवतेय."

"माझे चोर भाजी खायचे," तोकिए म्हणाली. "तुमचे विद्यार्थी तिची चित्रं काढतात."

मिनेगिशीबाई लालबुंद होऊन हेडमास्तरांकडे गेल्या. हेडमास्तरांनी तोकिएला बोलावलं. बाजूला बाई उभ्या होत्या, त्यामुळे आवाज फार गोड होता. "त्या ओळीला यापुढे हात लावायचा नाही, निहेईबाई. नाहीतर त्या जमिनीबद्दलच मला नव्याने विचार करावा लागेल." मार्चचा कागद त्यांनी असा हळूच तिच्या नाकासमोर फडकवला. तोकिएने ओळीला हात लावणं सोडलं. त्या दिवसापासून ती ओळीच्या कडेला उभी राहायची, हात पाठीमागे बांधून, आणि वाकून वाकून बघायची. गावाने हे वाकणं नीट लक्षात ठेवलं.

जुलैच्या मध्यावर, सुट्ट्या लागायच्या आधी, काढणी झाली. बटाटे कसले, गोट्याच त्या, अंड्याएवढेही नाहीत. आमच्या आइझू भागात असले बारके बटाटे सालीसकट तेलात परततात, आणि मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा, नि साखर घालून काळसर होईपर्यंत घोळतात. सोलणं मिनेगिशीबाईंना मंजूर नव्हतंच. "सालीतच तर सगळी ताकद!" त्या गडद पाकात हिरवं काय आणि पिवळं काय, काय कळणार? अध्यक्ष म्हणून होशीला मुलांबरोबर जेवायचं खास आमंत्रण होतं, आणि तो अकरा वाजल्यापासून हेडमास्तरांच्या खोलीत पाय पसरून बसला होता.

साडेअकराला ताट अवजारांच्या खोलीत आलं. तोकिएने एक बटाटा तोंडात टाकला. कडू. घशात खाजल्यासारखं झालं. खात्री करायला दुसरा खाल्ला. जीभ चुरचुरायला लागली. ती उठून तरातरा हेडमास्तरांच्या दाराशी गेली.

"मास्तर, जरा बाहेर या."

"नंतर, निहेईबाई. पाहुणे आहेत ना."

"बटाटे—"

"हो हो, अप्रतिम झालेत!" हेडमास्तर घाईघाईने म्हणाले आणि होशीकडे वळले. "मी मघाशीच स्वयंपाकघरात चाखले." वही उघडी होती. होशीला दाखवायला म्हणून त्यांनी तिची वाट न बघताच शिक्का मारून टाकला होता. वर लिहिलं होतं, "फारच रुचकर."

होशी हसला. "काय तोकिएबाई, तुम्हालाही आमच्याबरोबर जेवायचंय का?"

होशीसमोर तिने खरं सांगितलं असतं, तर मास्तरांची नोकरी गेली असती आणि नव्या मास्तराच्या हातून होशीने पहिल्याच मार्चमध्ये हवं ते लिहून घेतलं असतं. ती दारातून फिरली. बोळातून पांढऱ्या टोप्या आणि पांढरे सदरे घातलेली वाढपी मुलं जेवणाची गाडी ढकलत येत होती. तोकिएने भिंतीशी ठेवलेली फरशी पुसायची बादली उचलली, बटाट्यांच्या पातेल्याचं झाकण काढलं आणि ते काळं पाणी आत ओतलं. सगळंच्या सगळं.

पोरी किंचाळल्या. मिनेगिशीबाई धावत आल्या. "वेड लागलंय का तुम्हाला? मुलांच्या हातचे बटाटे होते ते!"

"हात घसरला," तोकिए म्हणाली.

"भरलेली बादली उचलून, झाकण काढून हात घसरला?"

"घसरतो कधी कधी."

मुलांनी त्या दिवशी भात आणि दूध खाल्लं. तोकिए दुपारी अवजारांच्या खोलीमागे दोनदा ओकली आणि मग नेहमीप्रमाणे व्यायामशाळा झाडली.

शनिवारी सकाळी त्याच व्यायामशाळेत सभा भरली. माझं कुणीही त्या शाळेत शिकत नव्हतं, तरी मी गेलो. माझ्यासारखे आणखी वीसेक होते. होशीने दोन ठराव आणले होते: तोकिएला काढा आणि बागेवर डांबर टाका. "या बाईला मुलांचा द्वेष आहे," तो म्हणाला. "तीस वर्षं पोरांच्या मागे झाडू घेऊन धावतेय! मिनेगिशीबाईंनी जीव तोडून शिकवलं, ते हिला बघवलं नाही." मिनेगिशीबाई रडत होत्या. आया मान डोलवत होत्या. त्यांत ती बिस्किटांच्या डब्यावालीही होती, आणि सगळ्यांत जोरात तीच डोलत होती.

"आणि बटाट्यांत काही वाईट होतं म्हणावं, तर हेडमास्तरसाहेबांनी स्वतः चाखले होते!" होशीने वही वर धरली. "फारच रुचकर! खाली शिक्का!"

हेडमास्तरांनी सभेसमोर मान लववली.

तेवढ्यात तोकिए मागच्या दाराने आली. बूट दाराशी काढलेले. जन्मात पहिल्यांदा मी तिला बुटांशिवाय बघत होतो. मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. हातात झाकण ठेवलेला वाडगा. ती सरळ मधून चालत पुढे गेली आणि वाडगा हेडमास्तरांसमोर टेबलावर ठेवला.

"स्वयंपाकघरातल्या टोपलीत उरले होते," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तेच बटाटे, तसाच मिसो. मास्तरांनी सगळ्यांच्या आधी चाखले होते ना? मग त्यांनीच सांगावं लोकांना कसे होते ते."

"ए, हा काय तमाशा आहे!" होशी ओरडला.

तोकिएने झाकण काढलं, बाजूला चॉपस्टिक ठेवल्या. मग ती वाकली आणि हेडमास्तरांच्या कानाशी काहीतरी बोलली. दोन-तीन वाक्यं असतील. मी शेवटच्या रांगेत होतो, मला ऐकू आलं नाही. कुणालाच आलं नाही. दिसलं एवढंच, की मास्तरांचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला.

त्यांनी सभेकडे पाहिलं. होशीकडे, वहीकडे, आईबापांबरोबर येऊन पहिल्या रांगेत बसलेल्या मुलांकडे. दर सोमवारी हीच मुलं त्यांच्यासमोर उभी असायची. मग त्यांनी चॉपस्टिक उचलल्या आणि एक बटाटा तोंडात टाकला. चावला. गिळताना गळ्याची घाटी वर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही. दुसरा खाल्ला. तिसरा खाल्ला.

"रुचकर," ते म्हणाले.

होशीने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. तोकिएने झडप घालून वाडगा ओढून घेतला आणि पोटाशी धरला. आत अजून दोन-तीन बटाटे होते.

"संपलं ना नाटक?" होशी म्हणाला. "आता हात वर करा."

हात वर व्हायची वेळ काही आली नाही. आधी होशीने भाषण केलं, त्याला भाषण आवरत नाही. अर्धा तास झाला असेल. मधेच हेडमास्तर उठले, तोंडावर हात धरून दाराकडे निघाले आणि अर्ध्या वाटेतच गुडघ्यांवर बसले. पुढचं सांगत नाही, जेवणाची वेळ असेल. रुग्णवाहिका आली. ते दोन रात्री इस्पितळात राहिले.

आरोग्य खात्याची माणसं आली. त्यांनी वाडगा नेला, टोपली नेली, ओळीतली माती नेली. अहवाल आला की ऊन लागून बटाटे हिरवे पडतात तेव्हा त्यांत आपोआप विष तयार होतं, शिजवून जात नाही, आणि लहान मुलांना तर फारच थोडं पुरतं. मिनेगिशीबाई शाळेचं वर्ष संपताच सेंदाईला परत गेल्या. जाताना बागेजवळून गेल्या, पण तोकिएला "येते" म्हणाल्या नाहीत. तोकिएनेही डोकं वर काढलं नाही.

आता तुम्हाला वाटेल, पातेल्यात बादली का ओतली ते गावाला कळलं असेल. गाव एवढं सरळ असतं तर माझं दुकान कधीच बंद पडलं असतं. गावाने डोकं चालवलं. बटाटे विषारी आहेत हे तोकिएला आधी कळलंच कसं? चाखले तर हेडमास्तरांनी होते, आणि ते तर खाऊन ठणठणीत होते, शिक्का आहे! मग तिने स्वतः शिजवून आणले आणि ते पडले. म्हणजे तिच्या वाडग्यात काहीतरी निराळं होतं. महिनाभर त्या ओळीवर वाकून काय करत होती? कानात काय बोलली? "खा, नाहीतर बघून घेईन," असंच असणार. आणि शेवटी वाडगा का ओढून घेतला? पुरावा! माझ्या काउंटरवर ओणवून हे मला निदान तीसजणांनी समजावून सांगितलं. त्यांतल्या दहाजणांना मीच आधी सांगितलं होतं, हे कबूल करतो.

चौकीतल्या हवालदाराने मास्तरांना विचारलं, तिने कानात काय सांगितलं? मास्तर म्हणाले, आठवत नाही. मी तोकिएला विचारलं. ती म्हणाली, "त्यांच्या कॉलरला शाई लागली होती, तेवढं सांगितलं."

मास्तर परत कामावर आले. त्यानंतर साडेअकराचं ताट ते खोलीचं दार उघडं ठेवून स्वतः खायचे, नाक दाबून, दुधाच्या घोटाबरोबर. तोकिएशी एक शब्दही बोलले नाहीत, तीही बोलली नाही. मार्चमध्ये होशी चार वेळा त्यांच्या खोलीत जाऊन बसला आणि चारही वेळा त्यांनी त्याला चहा पाजून परत पाठवला. मग कागद भरला: जमीन शिकवण्यासाठी वापरात आहे. त्याच महिन्यात त्यांची बदली झाली. पुढच्या मास्तरांनी जुना कागद बघून तसंच लिहिलं, आणि त्यांच्या पुढच्यांनीही. होशीच्या गाड्या अजून फाटकापाशी एकमेकींना हॉर्न मारतात.

तोकिएने हसरं गाजर सरपणात घातलं आणि जुनी फळी पुन्हा ठोकली. आता तर पोरांना जास्तच चेव आला. "विषवालीची काकडी खाऊन दाखव!" अशा पैजा लागायला लागल्या. वाफ्यावर एक टोमॅटो टिकेना. तोकिए निवृत्त होईपर्यंत झाडू घेऊन सावकाश धावत राहिली. अफवा खोटी आहे असं ती कुणालाही, कधीही म्हणाली नाही. आजही तिच्या घरावरून जाताना बायका मुलांना बाहेरच्या बाजूने चालवतात, आणि ती ओसरीवरून ओरडते, "काय गं, घाबरून पांढरी पडलीस, की पावडर थापलीस?"

कोहियामा मास्तर गेल्या हिवाळ्यात वारले. त्याआधी वर्षभर आम्ही दोघं रक्तदाबासाठी शहरातल्या एकाच दवाखान्यात जायचो आणि एकाच बाकावर बसायचो. बेसिन, ताट, सँडविच, हे सगळं मला त्यांनीच सांगितलं. कुणाला सांगू नका, असंही म्हणाले होते. ते होते तोवर मी सांगितलं नाही. माझ्यासाठी ते फार होतं.

तोकिएने विष घातलं नव्हतं. सभेत ती त्यांच्या कानात म्हणाली होती, "खाऊ नका, हे खरंच विषारी आहेत. ताट मी खात होते, एवढं सांगून टाका. बाग गेली तर जाऊ द्या." मास्तरांना ते सगळ्यांसमोर सांगवलं नाही, म्हणून त्यांनी ते तीन बटाटे आपल्या हाताने खाल्ले.